जुळे सोलापुरातलं आमचं किचन-बाथरूम रिनोव्हेशन: कामाला चार स्टार, तारखांना एक

आधीच सांगते, मोठं लिहिलंय. काम संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या म्हणून मुद्दाम तीन महिने थांबले. ठेकेदाराचं नाव टाकत नाही, कारण चांगलं वाईट दोन्ही लिहिणारे आणि सोलापूर काय एवढं मोठं गाव नाही, माणूस उद्या गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत) समोर आला तर निदान हसता तरी आलं पाहिजे.

घर सासऱ्यांनी १९९६ ला बांधलेलं. खाली हॉल, किचन, एक बेडरूम आणि बाथरूम, वर दोन बेडरूम आणि अजून एक बाथरूम. खाली सगळीकडं शहाबादी फरशी, किचनला कडप्प्याचा ओटा. वरच्या बाथरूमची ओल किचनच्या छताला उतरायची. आधी बशीएवढा डाग होता, मग ताटाएवढा झाला, आणि एक दिवस वरणाच्या पातेल्यात प्लास्टरचा तुकडा पडला तेव्हा ह्यांनी मान्य केलं की आता करायला पाहिजे. तोपर्यंत सात वर्षं "पावसाळा जाऊ दे" चालू होतं. (सोलापूरचा पावसाळा, म्हणजे विचार करा.)

कोटेशन तीन घेतली. एकाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागं ३ लाख ६० हजार लिहून दिलं, बस्स. दुसऱ्याने लॅपटॉपवर आमचं किचन थ्रीडीमध्ये फिरवून दाखवलं, त्यात खिडकीबाहेर नारळाची झाडं होती, सव्वासात लाख. तिसऱ्याने, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू आहे त्याने, दोन पानं हाताने लिहून दिली: फरशी चौरस फुटावर, वायरिंग पॉइंटवर, प्लंबिंग पॉइंटवर, मलमा (फोडलेला राडारोडा) उचलायचे वेगळे, कुठला पाइप, कुठली वायर, वॉटरप्रूफिंगचे किती हात, सगळं. ४ लाख ८० हजार. त्या दोन पानांवर भाळून त्याला काम दिलं आणि त्याबद्दल आजही पश्चात्ताप नाही, कारण पुढं जेव्हा जेव्हा वाद झाला तेव्हा ती पानं काढली की विषय तिथल्या तिथं मिटायचा. शेवटी बिल ५ लाख ६२ हजार झालं पण वरच्या ८२ हजारांतले निम्मे तर आमच्याच "आता करतोच आहे तर तेपण करून टाकू" चे आहेत, ते त्याच्या माथी मारणार नाही.

आता तारखा. शब्द होता ४५ दिवसांचा. "वैनी, गड्डा बसायच्या आत तुमच्या नवीन ओट्यावर दूध उतू जाणार" असं म्हणाला होता. २०२४ च्या नोव्हेंबरच्या १८ तारखेला, सोमवारी, घण पडला आणि काम संपलं ७ मार्चला. ११० दिवस. मोजलेत मी, कॅलेंडरवर रोज फुली मारत होते, जेलमध्ये मारतात तशी.

आणि पहिल्या दोन दिवसांत काय स्पीड होता म्हणून सांगू! आठ माणसं, दोन ब्रेकर मशीन, वरचं बाथरूम साफ, किचनचा ओटा साफ, हॉलची फरशी उखडली, ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्या मलमा गेला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी २० तारीख, विधानसभेचं मतदान, सुट्टी. बरोबरच आहे, मतदान केलंच पाहिजे. २१ ला दोन माणसं आली. २२ ला एक आला, पाणी पिऊन गेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तोडफोड पहिल्या दोन दिवसांत उरकतात ती आपल्या सोयीसाठी नाही, एकदा घर फोडलं की गिऱ्हाईक जातंय कुठं! तुम्ही कुणालाही काम द्या पण एक अट घाला, आधी वरचा मजला पूर्ण होऊ दे, मगच खाली घण लावायचा. आम्ही नाही घातली, आणि पाच माणसांचं घर एका बाथरूमवर आणि शून्य किचनवर चार महिने चाललं.

धुळीबद्दल सगळे सांगतात म्हणून मी तयारीत होते. म्हणजे मला वाटत होतं तयारीत आहे. घरात जुन्या सोलापुरी चादरी ढिगाने, एवढ्या की लग्नात आलेल्या काही अजून घडी मोडलेल्या नाहीत. म्हणलं ह्यांचा आता उपयोग. सोफ्यावर चादर, कपाटावर चादर, टीव्हीवर चादर, दाराला ओली चादर टांगली. सोफा वाचला. पण दाराची ओली चादर तासाभरात वाळायची आणि मग कोणी आत बाहेर केलं की झटकल्यासारखी धूळ उलट आत. शेवटी ह्यांनी जाड प्लास्टिक आणून वरच्या जिन्याचं तोंड टेपने बंद केलं, मध्ये चिरून चेनवाला दरवाजा केला आणि बेडरूमच्या दाराखाली टर्किश टॉवेल कोंबला. त्याने खरा फरक पडला. चादर पांघरायला, धुळीला प्लास्टिकच पाहिजे.

खरा प्रश्न आत्यांचा होता. आत्या म्हणजे सासूबाई, वय ७४, दम्याचा पंप चालू. टाइल कोरडी कापताना जी पांढरी बारीक धूळ उडते ती सिलिकाची असते, साध्या माणसाच्या फुफ्फुसालासुद्धा वाईट, दमेकऱ्याचं तर विचारूच नका, आणि आमचा टाइलवाला पहिल्या दिवशी हॉलच्या मधोमध बसून कोरडीच कापायला लागला. मी सांगितलं तर म्हणाला "भाभी, पाच मिनिट का काम है". आत्यांचं रात्रभर शिट्टी वाजल्यासारखं चालू. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन केला आणि इथं त्याला मार्क देते, अर्ध्या तासात स्वतः आला, कटर मागच्या अंगणात हलवला, एका पोराला बाटलीने पात्यावर पाणी धरायला बसवलं आणि आत्यांच्या पाया पडून सॉरी म्हणला. पुढं एकदाही घरात कटर चालला नाही.

पाया पडला म्हणून आत्या त्याच्या बाजूच्या झाल्या ते वेगळंच. नंतर मी तक्रार केली की त्याचंच खरं करायच्या. त्याच्याशी कानडीत बोलायच्या, मला अर्धं कळायचं अर्धं नाही. आमच्या घरात त्या चार महिन्यांत टाइलवाल्यांची हिंदी, हेल्पर मामींची तेलुगू, प्लंबरचं कानडी-मराठी आणि ठेकेदाराचं "निघालोच वैनी, सातरस्त्याला आहे" असं सगळं एकदम चालायचं. ह्या माणसाला मी कधीही फोन करू दे, तो सातरस्त्यालाच असायचा.

जेवणाचं सांगते, त्यावर बऱ्याच जणी विचारतात. फ्रीज वरच्या बेडरूममध्ये, त्याच्या शेजारी स्टुलावर इंडक्शन, भांडी खालच्या बाथरूममध्ये बसून घासायची. पहिले दहा दिवस उत्साहाने कुकर लावला, मग पडद्याला फोडणीचा वास बसला आणि पोरगी म्हणाली माझ्या युनिफॉर्मला लसणाचा वास येतोय. मग दुपारी कॉलनीतल्याच एका मावशींचा डबा आणि रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. कडक भाकरीला ना गॅस लागतो ना फ्रीज, एकदा आणली की आठवडाभर टिकते, चटणीत दही घातलं की कालवण पण तेच. पुण्याची जाऊबाई फोनवर "अगं बाई, रोज काय खाताय गं" म्हणून हळहळायची, तिला म्हणलं तुझ्याकडं काम काढशील तेव्हा कळेल, तुमच्याकडच्या पोळीला ही सोय नाही.

पाण्याचा किस्सा मात्र अजून आठवला की पोटात गोळा येतो. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसाआड यायचं, हे इथल्यांना सांगायला नको. आमच्याकडं जमिनीत हौद आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी, टाकी रिकामी व्हायला लागली की मोटर आपोआप चालू होते. डिसेंबरमध्ये एका दुपारी मी ऑफिसात, हे ऑफिसात, आणि ब्रेकर मारताना वरच्या बाथरूममधला भिंतीतला पाइप फुटला. पोरांनी कपडा कोंबला आणि जेवायला गेली. टाकी रिकामी व्हायला लागली, मोटर प्रामाणिकपणे हौदातलं पाणी वर ढकलत राहिली, आणि वरून ते जिन्याने खाली. आत्यांना वाटलं मिस्त्री लोक बाथरूम धुतायत. मी सहाला आले तर हौदात तळ दिसत होता, आदल्याच दिवशी पाणी येऊन गेलेलं, पुढची पाळी तीन दिवसांनी. मी पायरीवर बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू. फुटलेल्या पाइपचं एवढं काही नव्हतं, महिनाभर धरून ठेवलेलं सगळं त्या पाण्याबरोबर वाहिलं.

रात्री नऊला टँकर आला. ठेकेदाराने पाठवलेला, त्याच्या पैशाने, बिलात कुठंही लावला नाही. म्हणजे बघा हा माणूस असा आहे, चूक झाली की धावत येतो, पण चूक व्हायच्या आधी फोन उचलत नाही.

जानेवारी उजाडला आणि ४५ दिवस संपले. आमचा प्लंबर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या (मानाच्या उंच काठीच्या) मानकऱ्यांबरोबर काठी पेलणारा निघाला, यात्रेच्या आधी रोज रात्री सराव, सकाळी खांदा धरलेला, अकराला यायचा आणि दोनला जायचा. त्याच्यावर कशी चिडणार? सिद्धरामेश्वरांचं काम सोडून आमचा फ्लश टँक बसव म्हणायची माझी तरी हिंमत नाही. अक्षतेच्या, म्हणजे यात्रेतल्या सिद्धरामेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या दिवशी आम्हीपण गेलो, गर्दीत तो पांढऱ्या बाराबंदीत दिसला, घामाने निथळत होता आणि चेहऱ्यावर असं काही तेज की ह्यांना म्हणलं हाच का तो आपला, जो "वॉशर संपला" म्हणून गायब होतो! हेच बघा ना, गड्डा बसायच्या आत काम संपवतो म्हणणाऱ्या ठेकेदारालासुद्धा हे माहीत होतंच, तोही सोलापूरचाच. सगळ्यांना माहीत असतं की भोगीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस इथं काही होत नाही. मग खोटी तारीख का द्यायची?

टाइलवाले प्रयागराजकडचे. २०२५ ला तिकडं महाकुंभ होता, त्यामुळं २५ जानेवारीला चौघंही गेले, मौनी अमावस्येचं स्नान करून येतो म्हणाले. मी त्या दिवशी फार बोलले त्यांना, हॉल अर्धा झालेला, टाइलचे बॉक्स जिन्यात. आणि २९ ला सकाळी तिथल्या चेंगराचेंगरीची बातमी. चौघांचेही फोन लागेनात. दिवसभर आत्या देवापुढं बसून, मी ऑफिसातून दर तासाला फोन, आपण काय बोललो जाताना हेच डोक्यात. संध्याकाळी सुपरवायझरचा मेसेज आला की चौघं सुखरूप आहेत, लांबच्या घाटावर होते. त्यानंतर ते १० फेब्रुवारीला आले तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, उलट चहा विचारला. गंगाजलाची बाटली आणली होती आत्यांना.

आता ह्या सुपरवायझरबद्दल, कारण हा रिव्ह्यू खरंतर त्याच्यासाठीच लिहितेय. पॉलिटेक्निक झालेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, ठेकेदाराने डिसेंबरच्या शेवटी आमच्या साइटवर दिला. त्या पाण्याच्या प्रकारानंतर मी ठेकेदाराला सांगितलं होतं, मला लवकर करून नको, स्वस्त नको, फक्त उद्या कोण येणार आणि काय करणार ते आज रात्री सांगा. मालकाला जमलं नाही, पोराला जमलं. रोज रात्री आठला मेसेज. "उद्या प्लंबर ११ ते २, वरचं बाथरूम. टाइलवाले नाहीत." किंवा सरळ "उद्या कोणी येणार नाही." तुम्हाला खोटं वाटेल पण "कोणी येणार नाही" असा मेसेज आला ना की त्या रात्री मला शांत झोप लागायची. कारण त्याआधीचा महिना कसा गेलेला, सकाळी सातला उठून आवरायचं, चादरी टाकायच्या, मी हाफ डे टाकायचा, आणि अकरापर्यंत गेटकडं बघत बसायचं. धुळीची सवय होते हो, भाकरीची होते, बाथरूमच्या लाइनीची पण होते. वाट बघायची नाही होत. मी आणि हे लग्नाच्या सतरा वर्षांत जेवढे भांडलो नाही तेवढे त्या सहा आठवड्यांत भांडलो, आणि विषय काय तर "तू फोन कर", "नाही तुम्ही करा".

आमच्या मुलाची दहावी होती, २१ फेब्रुवारीला पहिला पेपर, ते वेगळं टेन्शन. शेजारच्या काकूंनी त्यांची वरची खोली दिली, तिथं तो राहायलाच गेला म्हणा, इकडं फक्त आंघोळीला आणि माझी बोलणी खायला यायचा. सुपरवायझरला सांगितलं तर त्याने परीक्षेचं टाइमटेबल मागून घेतलं आणि पेपरच्या आदल्या दिवशी आवाजाचं काम ठेवलंच नाही, त्या दिवशी लांबी (भिंतीची पुट्टी) घासायची नाहीतर प्रायमर मारायचा. सांगितलं कोणी त्याला? कोणी नाही.

कामाची क्वालिटी, ज्याच्यासाठी बहुतेक लोक रिव्ह्यू वाचतात. चांगलीये. वॉटरप्रूफिंग तर मी उभं राहून बघितलं: जुनं सगळं स्लॅबपर्यंत काढलं, कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) केली, केमिकलचे दोन हात, मग नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारली आणि आम्ही खाली किचनच्या छताकडं दोन दिवस बघत बसलो. थेंब नाही. कोणाचंही काम असू दे, ही टेस्ट झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. फक्त आपल्याकडं ती नळाला पाणी आल्याच्या दिवशी करायची, हे मी अनुभवाने सांगते.

खाली व्हिट्रिफाइड टाइल दोन बाय दोनच्या. ह्या टाइल पाणी पीतच नाहीत जवळजवळ, म्हणून साध्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाहीत, टाइल चिकटवायच्या केमिकलवर लावाव्या लागतात. आमच्या सात-आठ टाइल रबडीवर लावून टाकल्या होत्या घाईत, काठीने ठोकलं तर पोकळ वाजत होत्या. दाखवलं, तोंड वाकडं न करता काढून परत लावल्या. एक मात्र माझी चूक, टाइल मोजून घेतल्या, दहा टक्के जास्त घ्यायला पाहिजे होत्या. नंतरच्या सहा बॉक्सचा शेड नंबर वेगळा निघाला. त्या बेडरूममध्ये पलंगाखाली गेल्या, कोणाला सांगू नका.

वायरिंग ठीक, गीझरला जाड वायर, लाइटला बारीक, लिखापढीप्रमाणं. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा, पाइप कुठून गेलाय ते. आमच्याकडं नव्हता म्हणून तर हौद रिकामा झाला. बाथरूमचा उतार पहिल्यांदा चुकला होता, कोपऱ्यात पाणी थांबायचं, तोही दुरुस्त करून दिला. रंग मात्र यथातथा. जिन्याखाली लांबीचे पट्टे दिवसा उजेडात दिसतात, आणि किचनच्या स्विचबोर्डभोवती घाई केलीये.

शहाबादीचं थोडं. आत्यांचा जीव होता तिच्यात. सासरे स्वतः रेल्वेने गुलबर्ग्याच्या पुढं शहाबादला जाऊन निवडून आले होते म्हणे, ट्रक भरेपर्यंत तिथं उभे होते. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ तापमान असताना त्या फरशीवर नुसतं पालथं पडलं तरी गार वाटायचं, ते ह्या चकाचक टाइलमध्ये नाही, खरंय. उखडताना बऱ्याच फुटल्या, पण सुपरवायझरने धड निघालेल्या मागं रचून ठेवलेल्या, आणि शेवटच्या आठवड्यात विचारलं, आजी ह्या कुठं लावू? देवघरात आणि मागच्या ओसरीत लावल्यात. मे महिन्यात आत्या दुपारची तिथंच झोपत होत्या, चटई पण नको म्हणायच्या.

पैसे टप्प्याने द्या. आम्ही सुरुवातीलाच चाळीस टक्के दिले, तो मूर्खपणा झाला. वीसच्या वर देऊ नका आणि शेवटचे दहा टक्के सगळं धुऊन पुसून, नळ सोडून, दारं उघडझाप करून मगच. दारं आमची खालून कापावी लागली, एक अजून घासतंय. त्याचे पंधरा हजार ठेवलेत मी बाजूला. दोनदा फोन आला, "वैनी, हिशोब?" मी म्हणलं दार?

परत देईन का ह्यांना काम? वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलंय, आणि आत्या म्हणतात त्यालाच द्या, मी म्हणते देऊ, पण नोव्हेंबरात घण लावायचा नाही, गड्डा उरकू दे, आणि मालकाच्या तोंडची तारीख घ्यायची नाही. कोणाला नंबर पाहिजे असेल तर मला मेसेज करा. त्या पोराला विचारून त्याचाच देईन.